फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही: लहान ऑफिसच्या इपीएबीएक्समधला पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

रिसेप्शनच्या दिव्या-बटणांच्या फोनवर, म्हणजे कन्सोलवर, तीन नंबरचा दिवा लागलेला असतो, पण त्या लाइनवर कुणीच बोलत नसतं. बटण दाबून रिसीव्हर कानाला लावला तर एकतर टूं-टूं, नाहीतर नुसती शांतता. रिसीव्हर ठेवला की दिवा विझतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. ज्यांच्याकडे तीन-चार लाइनी, दहा-बारा एक्स्टेंशन आणि भिंतीवर टांगलेला एक करडा डबा, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या फोनना जोडणारा इपीएबीएक्स आहे, त्यांना मी काय सांगतेय ते लगेच कळेल.

मी दादर पश्चिमेला एका छोट्या पॉलिक्लिनिकमध्ये २१ वर्षं रिसेप्शनला आहे. तीन डॉक्टर, एक लॅब, चार लाइनी, चौदा एक्स्टेंशन. आमचे निम्मे पेशंट सत्तरीच्या पुढचे. त्यांना अ‍ॅपवरून नंबर लावता येत नाही, फाइलवर छापलेला नंबर मात्र पाठ असतो. मागच्या वर्षी एका सोमवारी माहीमच्या एक आजी काठी टेकत दारात आल्या. म्हणाल्या, "अगं, आठ वाजल्यापासून फिरवतेय, तुमचा फोन आपला एंगेज. शेवटी टॅक्सी केली." त्यांचे डॉक्टर त्या दिवशी सुट्टीवर होते. फोन लागला असता तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. आजी परत गेल्या, आणि हा बिघाड मुळापासून शोधायचाच असं मी त्याच दिवशी ठरवलं.

शोधायला चार महिने लागले. टेक्निशियन तीनदा आला. एकदा त्याने ट्रंक कार्ड, म्हणजे डब्यातलं बाहेरच्या लाइनींचं कार्ड बदललं, एकदा सगळ्या लाइनी काढून पुन्हा बसवल्या, तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, सिस्टिम जुनी झालीय, नवीन घेऊन टाका." त्याला दोष देत नाही. तो यायचा तेव्हा चारही दिवे विझलेले असायचे, आणि बिघाड समोर नसताना कुणाला सापडणार? म्हणून तो चालू असताना काय काय पाहायचं तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी एक करा. लाइन बिघडल्यासारखी वाटली की आपल्या मोबाइलवरून त्याच नंबरला फोन लावा आणि बाहेरच्याला काय ऐकू येतं ते ऐका. एंगेज टोन आला तर ती लाइन कुणीतरी उचलून धरलीय, किंवा तिच्या दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्यात. रिंग जातेय पण ऑफिसात काहीच वाजत नाही, असं असेल तर लाइन मध्येच तुटलीय किंवा डब्याचा तो पोर्ट मेलाय. एक्स्चेंजला तुटलेली लाइन मोकळीच दिसते, त्यामुळे ते बापडं रिंग पाठवत राहतं. या दोन बिघाडांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. टेक्निशियनला "फोन लागत नाही" एवढंच सांगितलं तर तो अंधारात चाचपडणार. "एंगेज येतोय" किंवा "रिंग जातेय पण इथे वाजत नाही" असं सांगितलं की त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

हंटिंग असेल तर हे आणखी महत्त्वाचं. हंटिंग म्हणजे पहिली लाइन एंगेज असली की एक्स्चेंज तोच कॉल दुसरीवर, मग तिसरीवर टाकतं. अडकलेली लाइन हंटिंगमध्ये वगळली जाते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. चारातल्या दोन अडकल्या तरी फोन येतच असतात, फक्त कमी येतात. तुटलेली लाइन मात्र वगळली जात नाही. कॉल तिच्यावर जाऊन बसतो आणि पेशंट दहा-दहा रिंगा ऐकून फोन ठेवतो. त्याला वाटतं, दवाखान्यात कुणी उचलतच नाही.

आमच्याकडे एंगेज यायचा, म्हणजे लाइन धरलेली. पण धरली कुणी?

मी एक वही केली. दिवा अडकलेला दिसला की तारीख, वेळ, कुठली लाइन, रिसीव्हरमध्ये काय ऐकू आलं, आणि त्या लाइनवरचा शेवटचा कॉल कसला होता ते लिहायचं. शेवटचा कॉल डब्याच्या कॉल रेकॉर्डमध्ये दिसतो. बहुतेक डब्यांत ही सोय असते, कुणी उघडून पाहत नाही एवढंच. अडीच महिन्यांत २३ नोंदी झाल्या. त्यातले १४ कॉल संध्याकाळनंतर डॉक्टरांच्या मोबाइलकडे वळवलेले. ९ कॉल जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंगने घेतलेले, 'नमस्कार, अपॉइंटमेंटसाठी एक दाबा' वाले. मी स्वतः हाताने उचललेला कॉल त्यात एकही नव्हता.

तिथे मला उलगडा झाला. मी फोन उचलते तेव्हा पलीकडच्याने ठेवला की टूं-टूं माझ्या कानात वाजतं आणि मी रिसीव्हर खाली ठेवते. लाइन सुटते ती माझ्यामुळे. रेकॉर्डिंगने उचललेल्या कॉलला मात्र आमच्या बाजूने कानच नाही. पेशंटने अर्ध्यात कंटाळून फोन ठेवला हे डब्याला स्वतःहून कळायला हवं. न कळल्यास तो लाइन धरून बसतो. बाहेरून आलेला कॉल दुसऱ्या लाइनने बाहेर मोबाइलवर पाठवला असेल तर आणखी वाईट. दोन्हीकडच्यांनी बोलून फोन ठेवलेले असतात आणि डबा मधल्या मध्ये दोन लाइनी एकमेकींना जोडून बसलेला असतो. शनिवारी संध्याकाळी ठेवलेला फॉरवर्ड रविवारभर चालू, बघायला ऑफिसात कुणी नाही. आजींना सोमवारी सकाळीच एंगेज का मिळाला ते वहीवरून स्पष्ट दिसलं.

कॉल संपला हे डब्याला कळायचे मोजके मार्ग आहेत. एक, एक्स्चेंज लाइनचा करंट क्षणभर तोडतं. दोन, पोलॅरिटी उलटते, म्हणजे धन-ऋण तारांची अदलाबदल होते. पूर्वी एसटीडी-पीसीओच्या मीटरना पलीकडे फोन उचलला गेल्याचं अशा रिव्हर्सलनेही कळायचं, पण साध्या लाइनवर ही सोय सहसा मागून घ्यावी लागते. तीन, एंगेज टोन ओळखणं. आपल्याकडे लहान ऑफिसांचे बहुतेक डबे या तिसऱ्यावरच चालतात. भारतात एंगेज टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. डबा हे माप लक्षात ठेवून असतो. तसाच टोन तीन-चार वेळा ऐकू आला की तो समजतो, समोरच्याने ठेवला, आता लाइन सोडायची.

आमचा डबा पंधरा वर्षं हे बिनबोभाट करत होता. मग एकाएकी काय झालं? तीन नंबरची आणि चार नंबरची, अशा दोन लाइनी तांब्यावरून फायबरवर गेल्या. नंबर तेच, फोन तेच, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. पण फायबरवर टोन बहुतेक वेळा लांबच्या एक्स्चेंजमधून येत नाही. भिंतीवर बसवलेला फायबरचा छोटा डबाच तो तयार करतो. आणि तो डबा ज्या देशाचं सेटिंग घेऊन आला असेल त्या देशाचा टोन वाजवतो.

हे मी कसं पकडलं ते सांगते, कारण याला काहीही सामान लागत नाही. रिसेप्शनच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर मोबाइलवरून एक नंबरच्या लाइनला फोन केला, ऑफिसात उचलला, मग मोबाइल ठेवून दिला आणि ऑफिसचा रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. टूं सुरू झालं. काटा बारावर येताच मोजायला लागले, तीनवर पोचेपर्यंत १५ सेकंदांत १० वेळा. तीन नंबरच्या लाइनवर तेच केलं. १५ सेकंदांत १५ वेळा! मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजलं, पुन्हा १५. आमच्या लॅबमधले दादा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना बोलावून दोन्ही लाइनी ऐकवल्या. ते लगेच म्हणाले, "वेग सोडा, सूरच वेगळाय. ही दुसरी एक पट्टी वर आहे." नंतर टेक्निशियनने फायबरच्या डब्याचं सेटिंग उघडलं तेव्हा आत ४२५ हर्ट्झ, अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं युरोपात बऱ्याच ठिकाणी चालतं ते माप निघालं. ४०० आणि ४२५मध्ये पेटीवरच्या एका पट्टीएवढंच अंतर पडतं. दादांचा कान चोख.

तुमच्याकडेही असंच मोजा. १५ सेकंदांत १० म्हणजे आपलं भारतीय माप, टोन बरोबर आहे. १५ आले तर युरोपकडचं, किंवा अमेरिकेचं. अमेरिकेच्या टोनमध्ये दोन सूर एकत्र असतात, त्यामुळे तो जरा घोगरा लागतो. २०-२१ आले तर चीनचं, तिथे ४५० हर्ट्झ आणि ०.३५ सेकंदांचं माप आहे. आणि १५ सेकंदांत ३० असा एकदम घाईघाईचा टोन आला तर तो भारतातलाच, पण एंगेजचा नाही, लाइनी तुंबल्याचा आहे. आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा: टोन किती वेळ वाजतो. आमच्या फायबरच्या लाइनवर साधारण ४० सेकंदांनी तो बंद पडतो आणि मग शांतता. तेवढ्या वेळात डब्याने ओळखलं नाही तर नंतर ओळखायला काही उरतच नाही. म्हणून सकाळी मी रिसीव्हर उचलला की कधी काहीच ऐकू यायचं नाही. त्या शांततेने मला फार दिवस चकवलं.

आता उपाय. हे सगळं स्वतः करायचं नाही, पण काय करून घ्यायचं ते आपल्याला माहीत हवं.

पहिल्यांदा फायबरवाल्यांना फोन करून व्हॉइसचं सेटिंग भारताचं करायला सांगा. "इंटरनेट चालू आहे ना, मग लाइन ओके आहे," असं उत्तर मिळेल. मला दोनदा मिळालं. तिसऱ्यांदा मी टोनची गोष्ट काढली, १५ सेकंदांत १० ऐवजी १५ येतात असं सांगितलं, आणि तक्रार त्याच शब्दांत लिहून घ्यायला लावली. चौथ्या दिवशी सेटिंग बदललं. शक्य असेल तर त्याच वेळी हेही विचारा की कॉल संपल्यावर लाइनचा करंट क्षणभर तोडायची सोय त्या डब्यात आहे का. असली आणि तुमच्या इपीएबीएक्सलाही ती ओळखता येत असली तर टोनवर विसंबायची गरजच राहत नाही. माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

फायबरवाले दाद देत नसतील तर इपीएबीएक्सच्या बाजूने करता येतं. बऱ्याच डब्यांत प्रत्येक ट्रंक लाइनला टोनचं माप वेगळं देता येतं, काहींत टोन ऐकवून शिकवताही येतं. फक्त टेक्निशियन सगळ्या लाइनींना एकच माप टाकत नाही ना ते पाहा. तांब्याच्या लाइनी भारतीय मापावर आणि फायबरच्या त्यांच्या मापावर, असं वेगवेगळं करायला सांगा. आमच्याकडे पहिल्या खेपेला त्याने चारही लाइनी बदलल्या, आणि मग एक-दोन नंबर अडकायला लागले.

किती ठोके ऐकल्यावर लाइन सोडायची, हाही आकडा असतो. घाईने तो दोनवर ठेवू नका. आमच्याकडे दोनवर होता तेव्हा एका पेशंटचा फोन बोलता बोलता तुटला, पुन्हा आला, पुन्हा तुटला. ते रस्त्यावरून बोलत होते आणि मागे एक टेम्पो रिव्हर्स घेत होता. त्याचं टूं-टूं डब्याला एंगेज टोन वाटलं. आता चारवर आहे. लाइन सुटायला सहा सेकंद लागतात, चालतंय. काही डब्यांत 'शांतता असेल तर लाइन तोडा' असाही पर्याय असतो. तो मी बंद ठेवायला सांगितला. म्हातारी माणसं फोनवर थांबून चष्मा शोधतात, फाइल काढतात. त्या शांततेत त्यांचा फोन तुटलेला मला चालणार नाही.

टोन बरोबर झाला तरी टायमर लावून घ्याच. काही कारणाने टोन चुकला तर लाइन रात्रभर अडकू नये म्हणून. रेकॉर्डिंग दोनदा वाजल्यावर १० सेकंदांत काही दाबलं नाही तर कॉल माझ्याकडे येतो, मी ४५ सेकंदांत उचलला नाही तर तुटतो. होल्डवर ठेवलेला कॉल ६० सेकंदांनी माझ्याकडे परत वाजतो. ही सोय जवळपास प्रत्येक डब्यात असते आणि कित्येक ठिकाणी बंद असते. बाहेरून बाहेर जोडलेल्या कॉलला कमाल वेळ असतो. टेक्निशियनने १० मिनिटं सुचवली. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "रात्री छातीत दुखतंय म्हणून कुणी फोन केला आणि दहाव्या मिनिटाला तुटला तर?" खरंच आहे. १५ मिनिटं ठेवली, शेवटच्या मिनिटाला बीप.

हे सगळं करूनही लाइन अडकत असेल तर बिघाड आपल्या डब्यात आहे की बाहेरच्या तारेत हे ठरवायला मीटर लागतो. साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत लॅमिंग्टन रोडला मिळतो. डीसी २०० व्होल्टवर ठेवायचा आणि क्रोनवर, जिथे बाहेरच्या तारा येऊन ठोकलेल्या असतात तिथे, त्या लाइनच्या पेअरला, म्हणजे दोन तारांच्या जोडीला लावायचा. मोकळ्या लाइनवर ४८च्या आसपास दिसायला हवेत, फायबरच्या पोर्टवर थोडे कमी दिसू शकतात. उचललेल्या लाइनवर साधारण ६ ते १० दिसतात. उघड्या तारांना बोट लावू नका. मोजताना रिंग आली तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगला झटका बसतो.

दिवा अडकलेला असताना मीटर लावा. समजा ७ व्होल्ट दाखवतोय. आता क्रोनच्या त्या पेअरच्या फटीत प्लास्टिकची आयसोलेशन पिन घाला, म्हणजे बाहेरची तार आणि आपला डबा वेगळे होतात. बाहेरच्या बाजूचे व्होल्ट काही सेकंदांत ४८वर चढले, तर लाइन आपला डबाच धरून बसला होता. चढलेच नाहीत, २०-३०च्या मध्ये हेलकावे खात राहिले, तर बाहेर कुठेतरी पाणी किंवा शॉर्ट आहे आणि इपीएबीएक्सवाल्याला बोलावून उपयोग नाही. पिन घालून मोजलेला आकडा तक्रारीत सांगितला की कुणी कुणावर ढकलू शकत नाही. आमच्याकडे आधी वर्षभर हाच खेळ चालला होता, लाइनवाले म्हणायचे डबा खराब, डबावाला म्हणायचा लाइन खराब.

पाण्याचं म्हणाल तर मुंबईत तांब्याची लाइन असणाऱ्यांना जून ते सप्टेंबर हे भोगावंच लागतं. आमची इमारत जुनी, डीपी बॉक्स, म्हणजे इमारतीत येणाऱ्या तारा जोडायची पेटी, जिन्याखाली, दार अर्धं लटकलेलं. समुद्र जवळ असल्याने जॉइंटवर हिरवट गंज चढतो. लाइनमन काकांनी एकदा मला तार दाखवली होती. वरून लाल प्लास्टिक धड, आणि कापून उघडलं तर आत पावडर झालेलं हिरवं तांबं. ओल आली की दोन तारांमधून करंट झिरपतो, आधी खरखर येते, मग एक्स्चेंजला वाटतं फोन उचललाय. ओळखायची सोपी खूण म्हणजे हा बिघाड पावसाबरोबर येतो आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप जातो. टोनचा बिघाड ऊन-पाऊस बघत नाही. काकांना पीळ मारून टेप गुंडाळू देऊ नका, जेली भरलेले कनेक्टर लावायला सांगा. तेवढं त्यांना मागितलं तर ते लावतात. क्रोनवर विजेपासून वाचवणारे अरेस्टर असतील तर तेही एकेक काढून पाहा. गडगडाटानंतर त्यातला एखादा शॉर्ट होऊन बसतो आणि लाइन कायमची एंगेज दाखवतो.

आता आमची एक चूक, जी बहुतेक ऑफिसांत रोज होते. दिवा अडकला की आम्ही डब्याचा स्विच बंद करून चालू करायचो. लाइन सुटायची, पण बाकीच्या लाइनींवर बोलणाऱ्यांचे फोन तुटायचे ते वेगळंच. त्याहून वाईट गोष्ट उशिरा कळली. आमच्या डब्यातला घड्याळ चालवणारा छोटा सेल संपला होता. प्रत्येक रीस्टार्टनंतर डब्याचं घड्याळ रात्री १२पासून सुरू व्हायचं. सकाळी साडेदहाला रीस्टार्ट केला की डब्याच्या हिशोबाने मध्यरात्र, म्हणजे नाइट सर्व्हिस सुरू. फोन करणाऱ्याला 'दवाखाना बंद आहे' ऐकू यायचं आणि मी समोर बसलेली! रात्रीच्या सेटिंगमुळे कॉल डॉक्टरांच्या मोबाइलकडे वळायचे, आणि त्यातलेच अडकायचे. म्हणजे आम्ही औषध म्हणून जे करत होतो त्यानेच दुखणं वाढत होतं. तुमच्या डब्याचं घड्याळ आत्ता किती वाजले दाखवतंय ते आजच पाहा. एकच लाइन सोडवायची तर पूर्ण डबा बंद करू नका. कन्सोलवरून त्या लाइनचं बटण दाबून रिसीव्हर उचलायचा आणि ठेवायचा, नाहीतर क्रोनवर त्या पेअरमध्ये पिन घालून काढायची.

याच बिघाडात लोक आणखी दोन गोष्टींची गल्लत करतात, त्या उरकते. मोबाइलला फोन लावताना लगेच एंगेज येतो, ही लाइन अडकल्याची खूण नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. इपीएबीएक्समध्ये लाइन घ्यायला एक शून्य, मग मोबाइलसाठी दुसरं. जुन्या डब्यांत एसटीडी बंद ठेवायला 'शून्याने सुरू होणारा नंबर अडवा' असं लॉक असतं, तेच आता सगळे मोबाइल अडवतं. ०६ ते ०९ मोकळे करून घ्या. ०७९ अहमदाबाद आणि ०८० बंगळुरूही त्याबरोबर मोकळे होतील, होऊ देत. ००ने सुरू होणारे परदेशी कॉल तेवढे बंद ठेवा. लॉकच्या यादीत १०८ आणि ११२ प्रत्येक एक्स्टेंशनला मोकळे आहेत ना हे टेक्निशियनकडून बघून घ्या, विनाकारण लावून मात्र पाहू नका. दुसरी गोष्ट ट्रान्सफरची. फोनवरचं फ्लॅशचं बटण दाबल्यावर कॉल पुढे जायच्या ऐवजी तुटत असेल तर फोन आणि डबा यांचं फ्लॅशचं माप, म्हणजे त्या बटणाने लाइन किती वेळ तुटते ते, जुळत नाहीये. आपल्याकडचे बहुतेक फोन ६०० मिलिसेकंदांचे असतात. एखादा नवीन फोन १०० किंवा ३००चा आला की तो एकटाच त्रास देतो. फोनच्या खालच्या बाजूला किंवा मेन्यूत बदलता येतं.

फायबर घेतलेल्यांनी विजेचंही बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा आमचा इपीएबीएक्स काही वेळाने झोपला, पण एक नंबरची लाइन २१ नंबरच्या एक्स्टेंशनवर थेट वाजत होती. पॉवर फेल ट्रान्सफर नावाची सोय असते, वीज गेली की डब्यातला रिले ती लाइन सरळ एका फोनला जोडतो. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून येते, म्हणून हे जमलं. कोविडचे दिवस होते. त्या सकाळी मी एका साध्या फोनवर किती पेशंटशी बोलले त्याची मोजदाद नाही. फायबरच्या डब्याला मात्र घरचीच वीज लागते. तो यूपीएसवर नसेल तर इपीएबीएक्स चालू आणि लाइन मेलेली अशी स्थिती होते. आम्ही दोन्ही डबे एकाच यूपीएसवर घेतले आणि एक नंबरची लाइन हट्टाने तांब्यावरच ठेवली.

सगळं करून झाल्यावर टेक्निशियनला लगेच जाऊ देऊ नका. तो समोर असतानाच तपासा. मुख्य नंबर लावलात तर हंटिंगमुळे कॉल दर वेळी पहिल्या मोकळ्या लाइनवरच पडतो, म्हणून चारही नंबर वेगवेगळे लावा. रेकॉर्डिंग सुरू झालं की मधेच मोबाइल ठेवायचा आणि कन्सोलच्या दिव्याकडे बघायचं. सात-आठ सेकंदांत विझला पाहिजे. मग रात्रीचं सेटिंग हाताने चालू करून डॉक्टरांच्या मोबाइलवर कॉल जाऊ द्यायचा, दोघांनी दोन वाक्यं बोलून फोन ठेवायचे आणि दोन्ही दिवे विझतात का पाहायचं. हे आधी फोन करणाऱ्याने ठेवून, मग डॉक्टरांनी आधी ठेवून, असं दोनदा. आमच्याकडे डॉक्टरांनी आधी ठेवला की चार नंबरचा दिवा तसाच राहत होता. त्या दिवशी टेक्निशियन निघून गेला असता तर तेवढा बिघाड शिल्लक राहिला असता.